टाचदुखी आणि व्यायामाचा नेम

(रोज व्यायाम करावा, हे सर्वांना ठाऊक असते. पण पाय दुखू लागला किंवा दिवस कामात गेला, की नेम मोडतो. अशा वेळी व्यायाम कसा चालू ठेवावा, हे या पाठात सांगितले आहे.)

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे कुस्ती आणि व्यायाम शिकण्याची जागा. शब्द एकच आहे. तो अरबीतून दोन्ही भाषांत आला आहे. ‘कसरत’, ‘कुस्ती’, ‘जोर’ हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. उर्दूतला ‘पहलवान’ मराठीत ‘पैलवान’ झाला आहे. तालमीतला पैलवान रोज ठरल्या वेळी जोर-बैठका काढतो. एक दिवस पुष्कळ आणि पुढे आठ दिवस काहीच नाही, असे तो करत नाही. थोडे थोडे पण रोज करावे, ही अभ्यासाची रीत आहे. व्यायामाची रीतही तीच आहे.

हा नेम सांगायला सोपा आहे, पाळायला मात्र अवघड. कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या स्थानकांवर थांबते. या गावांतील हजारो माणसे रोज पहाटे घर सोडतात. बदलापूर स्थानक मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ६८ किलोमीटर दूर आहे. जायला साधारण दीड तास लागतो आणि यायलाही तेवढाच वेळ जातो. गाडीत बसायला जागा मिळेलच, असे नाही. उल्हासनगरात जीन्स आणि इतर कपडे शिवण्याचे, विकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. तिथे कापड कापणारा कारागीर आणि दुकानातला विक्रेता दिवसभर उभा असतो. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रापुढे उभे राहून काम करणारे कामगार आहेत. घरी आईचा दिवस ओट्यापुढे उभ्यानेच जातो. अशा माणसाला संध्याकाळी कोणी म्हणाले, “रोज व्यायाम करा,” तर तो म्हणतो, “वेळ कुठे आहे? आणि पाय किती दुखतात, ते मला विचारा!”

त्याचे म्हणणे खोटे नाही. म्हणून आधी त्याच्या पायाची गोष्ट समजून घेऊ.

माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांतील २६ हाडे एका पावलात असतात. म्हणजे दोन्ही पावलांत मिळून ५२ हाडे झाली. शरीरातील एकूण हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा पावलांत आहे! ही हाडे तळाशी सपाट मांडलेली नसतात. त्यांची एक कमान असते. ओल्या पावलाचा ठसा फरशीवर पाहा. बहुतेकांच्या ठशात मधला भाग रिकामा दिसतो. तिथे ही कमान असते. कमानीखाली टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. धनुष्याची दोरी जशी धनुष्याची दोन टोके धरून ठेवते, तसा हा पट्टा कमानीला धरून ठेवतो. आपण उभे राहतो, तेव्हा त्याच्यावर ताण येतो. आपण चालतो, तेव्हा प्रत्येक पावलाला तो ताणला जातो आणि सैल होतो.

कठीण फरशीवर तासन् तास उभे राहिले, पातळ तळाची चप्पल रोज वापरली, वजन वाढले किंवा पोटरीचे स्नायू आखडले, की या पट्ट्यावरचा ताण वाढतो. मग टाचेजवळ, जिथे पट्टा हाडाला चिकटलेला असतो, तिथे तो दुखू लागतो. अचानक फार चालल्यानेही असे होते. एखादा माणूस वर्षभर फारसा चालत नाही. मग एका सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर मलंगगड चढून उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बिछान्यातून उठताच त्याच्या टाचेत कळ येते. यात दोष डोंगराचा नाही. पायाला सवय नसताना त्याच्यावर एकदम मोठे काम टाकले, हे कारण आहे.

या दुखण्याची एक खूण आहे. सकाळचे पहिले पाऊल सर्वांत जास्त दुखते. टाचेत खिळा टोचल्यासारखे वाटते. दहा-वीस पावले चालल्यावर दुखणे कमी होते. असे का होते? आपण झोपतो, तेव्हा पाऊल खाली झुकलेले असते. रात्रभर तो पट्टा आणि पोटरीचे स्नायू आखडून राहतात. सकाळी उभे राहताच शरीराचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि ते एकदम ताणले जातात. बराच वेळ बसून उठल्यावरही याच कारणाने टाच दुखते. काही लोकांच्या एक्स-रेमध्ये टाचेचे हाड थोडे वाढलेले दिसते. ते पाहून ते घाबरतात. पण असे हाड वाढलेल्या अनेकांची टाच मुळीच दुखत नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. बहुतेकांची टाचदुखी योग्य काळजी घेतल्यास काही महिन्यांत बरी होते. मात्र ती आठवड्यात जाईल, अशी घाई करू नये.

टाच दुखू लागली, की माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण व्यायाम पूर्ण बंद करतात. “बरे वाटले की पुन्हा सुरू करू,” असे म्हणतात. एक महिना जातो, दोन महिने जातात. पोटरी अधिक आखडते, वजन वाढते, दम लागू लागतो. वाढलेल्या वजनाचा भार शेवटी त्या दुखऱ्या टाचेवरच पडतो. दुसरे काही जण दुखण्याकडे कानाडोळा करतात. दात-ओठ खाऊन तेवढेच पळतात, तेवढेच चालतात. मग साधे दुखणे जुने होते. एक दिवस कामावर जाणेही कठीण होते. रोजंदारीवर काम करणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

या दोन वाटांच्या मधली एक वाट आहे. नेम सोडायचा नाही. व्यायामाचा प्रकार बदलायचा. पाय दुखत असेल, तेव्हा पावलावर आपटणारे व्यायाम थांबवावेत. पळणे, दोरीवरच्या उड्या आणि पायऱ्यांवरून धावणे काही दिवस बंद ठेवावे. त्यांच्या जागी सायकल चालवावी. सोय असेल, तर पोहावे. तेही शक्य नसेल, तर खुर्चीवर बसून करता येणारे व्यायाम पुष्कळ आहेत. ताठ बसून एक पाय सरळ पुढे करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा आणि खाली आणावा. मग दुसरा पाय. दोन्ही हात वर, बाजूला आणि पुढे करावेत. भिंतीला हात टेकून जोर काढावेत. हे करायला पैसा लागत नाही आणि मोठी जागाही लागत नाही.

महाराष्ट्रातील एका खेळाडूने ही मधली वाट फार मोठ्या संकटात धरली. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि त्यांचे पाय निकामी झाले. मुष्टियुद्ध संपले. पण पेटकरांनी हातपाय गाळले नाहीत. ते पोहू लागले. १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंग खेळाडूंची जागतिक स्पर्धा, म्हणजे पॅरालिंपिक, भरली होती. तिथे त्यांनी ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होते. २०१८ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरवले. त्यांच्या दुखापतीपुढे आपली टाचदुखी किरकोळ आहे. पण शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. एक दार बंद झाले, तर त्यांनी दुसरे दार शोधले.

आता दुखऱ्या टाचेसाठी करायचे चार उपाय पाहू. पहिला उपाय बिछान्यातच करावा. उठण्यापूर्वी बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा. हाताने पायाची बोटे आपल्याकडे ओढावीत. तळव्याला ताण जाणवला पाहिजे. दहा अंक मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा करून मगच पाय जमिनीवर टाकावा. दुसरा उपाय पोटरीसाठी आहे. भिंतीसमोर उभे राहून दोन्ही हात भिंतीला टेकावेत. दुखरा पाय मागे घ्यावा. त्याची टाच जमिनीला टेकलेली आणि गुडघा सरळ असावा. पुढचा गुडघा वाकवून तीस अंक मोजेपर्यंत थांबावे. प्रत्येक पायाने तीन वेळा करावे. तिसरा उपाय संध्याकाळचा आहे. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली गार करावी, तिच्याभोवती कापड गुंडाळावे आणि खुर्चीवर बसून ती तळव्याखाली पाच-दहा मिनिटे पुढे-मागे फिरवावी. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांच्या पायाला बधिरपणा आहे, त्यांनी मात्र हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. चौथा उपाय पादत्राणांचा आहे. पातळ, झिजलेली चप्पल बदलावी. टाचेखाली मऊ आणि कमानीखाली आधार देणारी चप्पल किंवा बूट घ्यावेत. दुखणे असेपर्यंत घरातही कठीण लादीवर अनवाणी फिरू नये.

पुन्हा चालायला कधी आणि किती सुरुवात करावी? याचे मोजमाप आपल्याजवळच आहे. ते म्हणजे सकाळचे पहिले पाऊल. आज दहा मिनिटे चाललात आणि उद्या सकाळी टाच कालच्यापेक्षा जास्त दुखली नाही, तर दहा मिनिटे पायाला झेपली, असे समजावे. आठवडाभर तेवढेच चालावे, मग दोन-तीन मिनिटे वाढवावीत. टाच जास्त दुखली, तर थोडे कमी करावे. वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरेसा आहे.

आता दुसरी अडचण म्हणजे वेळ. व्यायाम म्हणजे सलग एक तास, अशी आपली समजूत असते. तेवढा तास मिळत नाही, म्हणून आपण काहीच करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या विषयावर सूचना प्रसिद्ध केल्या. मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे त्यांत सांगितले आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी. ही मिनिटे सलगच असली पाहिजेत, अशी अट नाही. पाच मिनिटांचा तुकडाही हिशेबात धरला जातो.

रोजच्या कामातील हालचालीचे महत्त्व एका जुन्या संशोधनातून कळले. लंडनमध्ये दुमजली बसगाड्या होत्या. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसभर जिना चढत-उतरत असे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी या दोघांच्या आरोग्याची तुलना केली आणि १९५३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ड्रायव्हरांपेक्षा कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. ते कंडक्टर काही व्यायामशाळेत जात नव्हते. त्यांचा जिनाच त्यांची व्यायामशाळा होता.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, असेही आपण ऐकतो. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या पावले मोजण्याच्या यंत्रामुळे प्रसिद्ध झाला. त्या यंत्राच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावले मोजणारे’ असा होता. दहा हजार पावले चालणे चांगलेच आहे. पण त्याहून कमी चालण्यानेही फायदा होतो. म्हणून आकडा गाठला नाही, तर निराश होऊ नये.

मग धावपळीच्या दिवशी व्यायाम कुठे बसवावा? त्याची एक सोपी युक्ती आहे. रोज न चुकता होणाऱ्या कामाला व्यायाम जोडून द्यावा. दात घासून झाले, की भिंतीला टेकून पोटरीचा व्यायाम. चहाचे पाणी उकळेपर्यंत खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे. टाच बरी असेल, तर रिक्षा स्थानकाच्या थोडी अलीकडे सोडून पायी जाणे. घरी परतल्यावर, बैठक मारण्याआधी, दहा मिनिटे सायकल किंवा बसून करायचे व्यायाम. निरनिराळ्या वेळांचे हे तुकडे जोडले, तर सहज अर्धा तास होतो. पावसाळ्यात आपल्या भागात पाऊस कोसळतो. रस्त्यांवर पाणी साचते, लोकल रखडतात. अशा दिवशी बाहेरचा व्यायाम घरात करावा. परीक्षा, लग्नसराई, रमजानचा महिना किंवा दिवाळीची साफसफाई, अशा दिवसांत नेहमीएवढा व्यायाम होत नाही. त्या दिवसांसाठी ‘लहान नेम’ ठरवून ठेवावा. तो फक्त पाच मिनिटांचा असावा. पाच मिनिटांनी शरीर फार कमावले जाणार नाही, पण नेमात खंड पडणार नाही. खंड पडला नाही, तर मोकळ्या दिवशी पुन्हा पूर्ण व्यायाम करणे सोपे जाते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वयातही टाच दुखू शकते. त्याचे कारण मात्र वेगळे असू शकते. साधारण ८ ते १४ वर्षे या वयात टाचेच्या हाडाचा एक भाग अजून वाढत असतो. पळण्याचे आणि उड्यांचे खेळ फार खेळल्यास तो भाग दुखतो. कबड्डी, फुटबॉल, खो-खो खेळणाऱ्या मुलामुलींना हा अनुभव येतो. अशा वेळी ते लपवू नये. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना आणि घरी सांगावे. काही दिवस खेळ कमी करून बाकीचे व्यायाम चालू ठेवावेत. वाढ पूर्ण झाली, की हा त्रास राहत नाही.

काही दुखणी मात्र घरगुती उपायांची नसतात. पाय सुजला, लाल झाला, बधिर झाला, ताप आला, पडल्यावर किंवा मुरगळल्यावर पाय टेकता येत नसेल, रात्री झोपेतही ठणका लागत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. घरी कोणाला मधुमेह असेल, तर त्यांच्या पायाची लहानशी जखमही डॉक्टरांना दाखवावी. काही आठवडे काळजी घेऊनही टाचदुखी कमी झाली नाही, तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मराठीत म्हण आहे, ‘थेंबे थेंबे तळे साचे.’ उर्दूतही ‘कतरा कतरा दरिया’ असे म्हणतात. व्यायामाचे तसेच आहे. आज पाच मिनिटे, उद्या दहा मिनिटे. आज चालून, उद्या बसून. दुखऱ्या पायाला विश्रांती द्यावी, पण बाकीच्या शरीराला सुटी देऊ नये.

शब्दार्थ

नेम – ठरवून रोज करायची गोष्ट
ओटा – स्वयंपाकघरातील उभे राहून काम करण्याची उंच जागा
कमान – वाकलेला, धनुष्यासारखा आकार
चिवट – सहज न तुटणारा
पोटरी – गुडघ्याखालचा पायाचा मागचा भाग
आखडणे – ताठ होणे, आवळले जाणे
कळ – अचानक येणारी तीव्र वेदना
बधिरपणा – स्पर्श न जाणवणे
पादत्राणे – चपला, बूट
लादी – फरशी
अनवाणी – पायात काही न घालता
रोजंदारी – दिवसाच्या हिशेबाने मिळणारी मजुरी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘तालीम’ या शब्दाचा मराठीत कोणता अर्थ आहे?
(आ) एका पावलात किती हाडे असतात?
(इ) टाचदुखीची मुख्य खूण कोणती?
(ई) मुरलीकांत पेटकर यांनी सुवर्णपदक कोठे मिळवले?

२. कारणे लिहा.
(अ) सकाळी उठल्यावर पहिले पाऊल जास्त दुखते.
(आ) लंडनच्या बस-कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला.
(इ) धावपळीच्या दिवसांसाठी ‘लहान नेम’ ठरवावा.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) टाच दुखू लागल्यावर माणसे कोणत्या दोन प्रकारे वागतात? त्याचे परिणाम काय होतात?
(आ) मुरलीकांत पेटकर यांच्या उदाहरणावरून तुम्ही काय शिकलात?

४. वाक्प्रचारांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
हातपाय गाळणे, कानाडोळा करणे, खंड पडणे

५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सोपे, कठीण, ताठ, निराश, ओला

उपक्रम

(अ) घरातील एखाद्या मोठ्या माणसाला दिवसभरात किती तास उभे राहावे लागते, ते विचारा. त्यांच्यासाठी पाच मिनिटांचा ‘लहान नेम’ तयार करून मराठीत लिहा.
(आ) मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. कोणत्या शब्दांचा अर्थ बदलला आहे, ते वर्गात सांगा.